बाळंतपणानंतर घरी योगासनं: नौकासन केलं आणि पोटावर डोंगर उभा राहिला

तगर | २ जुलै, दुपारी १.४०

बाळ झोपलंय तेवढ्यात लिहून काढते, चुका सांभाळून घ्या.

मुलगी नऊ आठवड्यांची आहे. सिझर झालं. सध्या माहेरी, सांगलीत. बाळंतपणाआधी सात-आठ वर्षं रोज योगासनं करत होते, रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार न चुकता. फुशारकी नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतेय.

सव्वा महिना आईनं चटईला हात लावू दिला नाही. तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल, सगळं यथासांग. जुन्या नऊवारीचा पट्टा फाडून पोट बांधलं. "मोकळं सोडलंस तर मडकं होतंय बघ," हे दिवसातून दोनदा. सहाव्या आठवड्यात तपासायला गेले. डॉक्टर म्हणाल्या, टाके छान भरलेत, हळूहळू व्यायाम सुरू करा. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. हळूहळू म्हणजे कुठून, हे विचारायचं राहूनच गेलं.

परवा आई भाजी आणायला गेली तेव्हा चटई काढली. म्हटलं, आधी सोपं काहीतरी. नौकासन माझं हातचं आसन. पाय उचलले, मान उचलली, आणि बघते तर पोटाच्या मधोमध, छातीपासून बेंबीच्या खालीपर्यंत, एक उभा वरंबा वर आलेला. शेतात नांगरल्यावर येतो तसा. दुखलं अजिबात नाही. पण इतकी घाबरले की पाय धाडकन खाली टाकले आणि त्या आवाजानं पोरगी उठली.

शिवाय आणखी एक. शिंक आली की थेंब-थेंब गळतं. हे कुणाला सांगायचं?

नणंद म्हणते, रोज पंधरा मिनिटं कपालभाती कर, महिन्यात पोट आत. मावशी म्हणते, वर्षभर काही करू नकोस. मला दिवसाला फार तर वीस मिनिटं मिळतात, तीही तुकड्यातुकड्यांत. काय करू?

---

कोकमकढी | २ जुलै, दुपारी ३.०५

आधी अभिनंदन गो बाय. लेकीला आजीकडून पापा.

माझी दोन्ही बाळंतपणं मालवणात, ८४ आणि ८७ साली. तेव्हा योग बिग कोणाला ठाऊक नव्हता, पण सव्वा महिना खाटेवरून उतरायचं नाही हे ठाऊक होतं. आता सगळे हसतात त्याला. पण सासूरवाशिणीला विश्रांती मिळायची ती तेवढीच, "सुवेर आहे" म्हटलं की चुलीकडे कोण ढकलत नसे. तुझ्या आईला नावं ठेवू नकोस. नऊ आठवडे म्हणजे काय, आंब्याची पेटी उघडून संपेपर्यंतचा काळ.

---

तगर | २ जुलै, दुपारी ३.२०

आजी, आईला नावं नाही हो ठेवत. तिच्याशिवाय मी वेडी झाले असते.

---

हातोडी | २ जुलै, रात्री १०.१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. (आयडी कॉलेजातला, तेव्हा रिफ्लेक्स तपासायची हातोडी खिशात घेऊन मिरवायचे.) तगर, घाबरू नकोस, पण नौकासन आजपासून बंद.

पोटाच्या पुढच्या बाजूला स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात आणि मधे त्यांना जोडणारी चिवट पांढरी शिवण. गरोदरपणात पोट वाढतं तशी ही शिवण ताणून रुंद होते आणि पट्टे एकमेकांपासून लांब जातात. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नॉर्मल असो की सिझर, नऊ महिने भरत आलेल्या बहुतेक सगळ्यांना ते थोडंफार होतंच. पहिल्या आठ आठवड्यांत बरंचसं आपोआप भरून येतं, नंतर वेग मंदावतो. तू पाय आणि डोकं एकदम उचललंस, पोटातला दाब वाढला आणि तो त्या सैल शिवणीतून बाहेर आला. तोच तुझा वरंबा.

घरी बघायचं असेल तर उताणी झोप, गुडघे वाकव. बोटांची टोकं बेंबीपाशी हलकेच आत दाब आणि फक्त डोकं इंचभर उचल. दोन्हीकडच्या कडा बोटांना येऊन भिडतील. मधे किती बोटं मावतात ते मोज. बेंबीच्या वर आणि खाली चार-चार बोटांवर पुन्हा बघ. दोनपेक्षा जास्त मावत असतील तर एकदा प्रत्यक्ष कुणा फिजिओला दाखव. आणि नुसती रुंदी नाही, बोटाखाली काय लागतं तेही बघ. ताणलेल्या कापडासारखं लागलं तर बरं, लोण्यात बोट गेल्यासारखं वाटलं तर जास्त काम आहे.

बाहेरचे टाके भरले म्हणजे आतलं सगळं भरलं असं नसतं. सिझरमध्ये हे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. पण त्यांच्यावरचं जाड आवरण कापून शिवलेलं असतं आणि त्याची ताकद यायला महिने लागतात. गर्भाशयाचंच बघ. बाळ बाहेर आलं तेव्हा ते साधारण १ किलोचं असतं आणि सहा आठवड्यांत आक्रसत ६०-७० ग्रॅमवर येतं. कुणी न सांगता शरीर एवढं काम करतंय, त्यात आपण नौकासन घालायचं.

सुरुवात श्वासापासून कर. उताणी, गुडघे वाकवून, एक हात बरगड्यांवर, एक ओटीपोटावर. श्वास घेताना बरगड्या दोन्हीकडे छत्रीसारख्या उघडू दे, पोट मऊ सोड. सोडताना खालचं, म्हणजे लघवी आणि वारा दोन्ही अडवताना आवळतो ते, अलगद वर ओढ. मग ओटीपोट आपोआप जरासं आत जाईल, तेवढंच. ज्याला तू मूलबंध म्हणून शिकली असशील त्याचाच हा धाकटा भाऊ. अमेरिकेत अर्नोल्ड केगल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली यावर लिहिलं म्हणून दवाखान्यात याला केगल म्हणतात.

चूक कुठे होते? बायका ढुंगण आवळतात, मांड्या आवळतात, श्वास कोंडतात. तोंडावर काहीच दिसता कामा नये. पाच आकडे धरायचं, पाच आकडे सोडायचं. सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. दूध पाजताना बसल्या बसल्या होतं. लघवी मधेच अडवून सराव मात्र करू नकोस.

शिंकेचं थेंब-थेंब याच सरावानं बऱ्याच जणींचं जातं. तीन महिने नेमानं करावं लागतं मात्र. शिंक येतेय कळलं की आधी आवळ आणि मग शिंक. ऐकायला विनोदी आहे, पण उपयोगी पडतं.

आणि अंथरुणातून सरळ उठू नकोस. आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, हातानं रेटा देऊन उठ. दिवसाला वीस वेळा तू नकळत नौकासनच करतेयस.

---

रिकामटेकडा | ३ जुलै, सकाळी ८.००

एवढं घाबरवायची गरज नाही. माझ्या बहिणीनं दुसऱ्या महिन्यापासून कपालभाती केलं, पोट सपाट झालं. आपल्या ऋषीमुनींनी उगीच सांगितलंय का? डॉक्टर लोकांना फक्त थांबवता येतं.

---

गवतीचहा | ३ जुलै, सकाळी ११.३०

रिकामटेकडा, तुमच्या बहिणीचं चांगलं झालं याचा आनंद आहे. पण ऋषीमुनींना मधे आणलंत म्हणून बोलते. ठाण्यात योगवर्ग घेते, चौदा वर्षं झाली.

हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, कपालभाती येते ती धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या रांगेत, षट्कर्मांत. म्हणजे ती शुद्धिक्रिया, आणि तिचं काम सांगितलंय कफदोष घालवण्याचं. पोट सपाट करण्याचं नाव नाही. तो शोध अलीकडचा, टीव्हीसमोर बसून केलेला.

कपालभातीच्या प्रत्येक ठोक्याला पोट झटक्यानं आत जातं आणि आतला दाब वर-खाली ढकलला जातो. मिनिटाला साठ ठोके धरले तर पंधरा मिनिटांत नऊशे. शिवण सैल, ओटीची (त्या खालच्या स्नायूंची) झोळी सैल, तिच्यावर नऊशे धक्के! ज्या बाईला शिंकेनं गळतं तिला मी कपालभाती देत नाही, मग ती बाळंतीण असो की साठीची. भस्त्रिका, उड्डियान, नौली यांनाही तेच. अनुलोम-विलोम श्वास न कोंडता चालतं. भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, ती तर बाळालाही आवडते. माझ्या एका विद्यार्थिनीचं बाळ भ्रामरीशिवाय झोपतच नसे, शेवटी नवऱ्याला शिकवली.

तगर, तुला लवचिकपणाचा माज असणार (चिडू नकोस, मलाही होता). बाळंतपणानंतर काही महिने सांधे सैल असतात, विशेषतः दूध पाजणाऱ्यांचे. आसन नेहमीपेक्षा खोल जातं आणि वाटतं, वा! तिथेच कंबर आणि माकडहाड दुखावतं. बद्धकोनासनात गुडघे जमिनीला टेकवायचा हट्ट नको, खाली उशा ठेव. अंगावरून जाणं पूर्ण थांबेपर्यंत उलटी आसनं मी देत नाही, सर्वांगासन तर सोडच. त्याऐवजी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पडून राहायचं. दहा मिनिटं. बाळ पोटावर असलं तरी चालतं.

घरात बोल्स्टर (आसनाला टेकू द्यायची जाड लांब उशी) नसतो म्हणून अडू नकोस. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, पट्टे, विटा आणून आजारी माणसालाही आसनात बसवलं. आपल्याकडे लोड-तक्के आहेत, ओढण्या आहेत, भिंत तर फुकट आहे.

---

खडीसाखर | ३ जुलै, दुपारी ४.४५

वाचनखूण साठवली. +१ हातोडी आणि गवतीचहा.

माझा प्रश्न, धाग्यात घुसते. बाळ पाच महिन्यांचं, सिझरच. कंबर मोडते. सगळे म्हणतात, कमरेत इंजेक्शन दिलं ना, आता जन्मभर दुखणार. खरं का? आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखतं की डबा उघडता येत नाही. मार्जारासन करायला गेले तर हात टेकवेना.

---

हातोडी | ३ जुलै, रात्री १०.४०

खडीसाखर, सुई टोचली तिथे काही दिवस ठणकतं, पण महिनोनमहिने दुखायचं कारण ते नाही. ज्यांना इंजेक्शन दिलेलं नसतं, त्यांचीही कंबर तितकीच दुखते. आरशासमोर पाजायला बसून बघ. खांदे कानाजवळ, मान खाली, पाठीचा कणा विळ्यासारखा. दिवसात आठ-दहा वेळा, अर्धा-अर्धा तास. बाळाला छातीपर्यंत उचलायला मांडीवर दोन उशा घे, तू बाळाकडे वाकू नकोस. पायाखाली पाट.

अंगठ्याचं दुखणं आयांमधे इतकं नेहमीचं आहे की इंग्रजीत त्याला आयांचा अंगठा असंच म्हणतात. बाळाला काखेत अंगठे घालून उचलतो ना, त्यानं तिथली कंडरा सुजते. अंगठा पसरू नको, पाची बोटं एकत्र ठेवून ओंजळीसारखे हात बाळाच्या खाली घाल. मार्जारासन कोपरांवर किंवा मुठींवर कर. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर दाखव, साधा पट्टा पुरतो बऱ्याचदा.

कोकमकढी आजी, पोट बांधण्याबद्दल. पहिले काही आठवडे पट्ट्याचा आधार बरा वाटतो, विशेषतः सिझरमध्ये खोकताना, चालताना. पण त्यानं स्नायू जुळत नाहीत. आणि आवळून बांधला तर दाब जाणार कुठे? खाली. शेक घ्या, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साठतो. एक खिडकी उघडी हवीच.

---

कोकमकढी | ४ जुलै, सकाळी ६.५०

खिडकी उघडली की सासू म्हणायची वारा लागेल. शेगडीनं डोकं गरगरायचं ते बाळंतपणामुळे असं वाटायचं आम्हाला! आज चाळीस वर्षांनी कळलं.

---

ल्योंकर | ५ जुलै, रात्री १.१०

फ्रान्समधून लिहितेय, ल्योंला नवऱ्याची नोकरी. दोन वर्षांपूर्वी इथे बाळंत झाले.

इथे पहिल्या सकाळी थंडगार संत्र्याचा रस आणि पाव. आईनं फोनवर ऐकून रडायचंच बाकी ठेवलं. अळीव दादरहून आणले होते, चोरून खीर करून खाल्ली. पण एका बाबतीत या लोकांना मानलं. बाळंतपणानंतरच्या तपासणीत ओटीच्या स्नायूंसाठी दहा बैठका चिठ्ठीवर लिहून देतात, खर्च सरकारी विम्यातून. सुईण किंवा फिजिओ करून घेते. मी म्हटलं, मला योग येतो, सूर्यनमस्कार कधी घालू? सुईणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आधी पेरिने, मग पोट, मग धावणं-बिवणं. हा क्रम बदलायचा नाही. पेरिने म्हणजे तेच खालचं, हातोडीताई म्हणतात ते.

पहिल्या बैठकीत कळलं, मी मूलबंध म्हणून बारा वर्षं जे करत होते ते नुसतं ढुंगण आवळणं होतं. लाज वाटली. पण इथे गळण्याबद्दल बायका कॉफी पिता पिता बोलतात. आपल्याकडे लाडवांच्या चौदा पाककृती मिळतील, याचा उच्चार नाही.

---

साडेसाती | ५ जुलै, सकाळी ९.२०

बाप्या माणसानं लिहिलं तर चालेल ना? गेल्या वर्षी बाबा झालो.

बायकोला वेळ मिळत नव्हता, म्हणून मी तिला चांगल्यातली योगाची मॅट आणून दिली. दोन महिने ती गुंडाळलेलीच. मी एकदा विनोदानं म्हणालो, दुपटी वाळत घालायला बरी आहे. ती रडायला लागली, थांबेचना. मग लक्षात आलं, रोजच रडते, मी ऑफिसात असताना. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. "मी चांगली आई नाही" हे सारखं. घरचे म्हणत होते, ओली बाळंतीण अशीच हळवी असते.

पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं वेगळं. त्यापुढे चाललं तर ते नुसतं हळवेपण नसतं, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. औषध सुरू झालं, दूध पाजताना चालणारं. सरकारची मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. रात्री तीनला पहिला फोन मीच लावला होता.

आता सकाळी साडेसहा ते सात बाळ माझ्याकडे. मॅट उघडते. कधी कधी ती मॅटवर नुसती झोपते, अर्धा तास. मी काही बोलत नाही.

---

गवतीचहा | ५ जुलै, सकाळी ११.००

साडेसाती, त्या झोपण्याला शवासन म्हणतात, आणि ते सगळ्यात अवघड. वहिनींना नमस्कार सांगा.

---

हातोडी | ५ जुलै, दुपारी २.३०

साडेसातींनी लिहिलं ते बरं झालं. त्याला जोडून: व्यायाम सुरू केल्यावर लाल रक्तस्राव पुन्हा वाढला, ताप आला, टाक्यातून पू आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, किंवा डोकं फार दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली तर आसन-बिसन बाजूला ठेवून थेट दवाखाना. खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटत असेल तर आठवड्याभरात तपासून घ्या. आणि लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात, लाडू सुरू झाले म्हणून त्या बंद करू नका.

---

रिकामटेकडा | ५ जुलै, सायंकाळी ७.१५

बहिणीला विचारलं. तिलाही शिंकताना होतं म्हणे. चार वर्षं. मला माहीत नव्हतं. धागा तिला पाठवलाय.

---

तगर | २९ जुलै, दुपारी २.००

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, राहिलं. पोरीला पोटदुखीनं घेरलं होतं, रात्री सगळ्यांनी जागून काढल्या.

मोजलं होतं तेव्हाच. बेंबीपाशी तीन बोटं, वर अडीच. मिरजेला एका फिजिओकडे जाऊन आले. त्यांनीही जवळपास हातोडीताईंचंच सांगितलं, वर दोन गोष्टी दिल्या: श्वास सोडत टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा, आणि पाठ भिंतीला लावून उत्कटासन (खुर्चीत बसल्यासारखं), अर्ध्यापर्यंतच. सेतुबंध (उताणं पडून कंबर उचलायची) पुढच्या महिन्यात. काल मोजलं तर बेंबीपाशी दोन आणि थोडी फट. शिंकेचं अजून आहे, पण आधी आवळायची सवय लागतेय. पोट दिसायला आहे तसंच आहे. नणंदेनं व्हिडिओ कॉलवर विचारलंच.

वीस मिनिटं काही मिळत नाहीत. सात मिळतात, मग पोरगी रडते. एकदा टाच सरकवताना तिनं चटईवरच दूध ओकलं. मी तशीच कुशीवर वळून उठले, हातानं रेटा देऊन, आणि मग हसू आलं की हे आता आठवावं लागत नाही.

लिहायचं होतं ते वेगळंच. आई रोज दारात उभी राहून बघायची. "नुसतं पडून काय करतीस? हालचाल तर काय दिसंना." मी समजावलं. शिंकेचंही सांगितलं, आधी सांगितलंच नव्हतं. ती काही बोलली नाही, तांदूळ निवडत बसली. बऱ्याच वेळानं खाली मान घालूनच म्हणाली, "ते मला तू झालीस तवापासनं हाय."

बत्तीस वर्षं. लग्नाकार्यात लांबचा प्रवास का टाळते, पाणी का कमी पिते, सिनेमाला कडेचीच खुर्ची का मागते, सगळं एकदम कळलं. बाबांनाही माहीत नाही. मी तिला सांगितलं, धरायचं पाच, सोडायचं पाच. आता तांदूळ निवडताना तिचे ओठ हलतात, आकडे मोजते. बाबांना वाटतं जप चाललाय.

हातोडीताई, एवढ्या वर्षांनी उपयोग होईल का? तिचे गुडघेही दुखतात, जमिनीवर झोपून उठणं जड जातं. खुर्चीत बसून चालेल?

---

हातोडी | २९ जुलै, रात्री ११.०५

होतो. साठीनंतरही फरक पडलेला पाहिलाय, वेळ जास्त लागतो इतकंच. खुर्चीत चालेल, पाय जमिनीला नीट टेकलेले हवेत, पाठ टेकू नये. एकदा तपासून मात्र घे, बाकी काही उतरलं नाहीये ना ते कळेल. आणि त्यांना म्हणावं पाणी कमी पिऊ नका, त्यानं लघवी दाट होऊन घाई वाढते.

ओठ हलतायत म्हणजे श्वास कोंडत नाहीयेत. बरोबर चाललंय त्यांचं.